यंत्रास वंशवृद्धी शिकविणारा गणिती : जॉन फॉन नॉयमन

यंदाच्या अंकासाठी ज्या पुरुषाचे चरित्र आम्ही निवडले आहे, त्याचे नाव आमच्या पुष्कळ वाचकांनी ऐकलेही नसेल. परंतु त्याच्या बुद्धीचे फळ ज्याच्या खिशात नाही, असा मनुष्य बारामती व इंदापूर या दोन तालुक्यांत आता शोधूनच काढावा लागेल. उसाच्या वजनाची पावती, शिष्यवृत्तीचा अर्ज, परीक्षेचे प्रवेशपत्र, मामेबहिणीच्या लग्नाची पत्रिका, हे सारे आज मोबाइलवर येते. ज्या यंत्ररचनेच्या आधारे ते येते, तिचा आराखडा १९४५ साली ज्यांनी शब्दांत उतरविला ते जॉन फॉन नॉयमन होत. आणि त्याच लग्नपत्रिकेच्या पोटात दडून जो चोर घरात शिरतो, त्याच्या वंशवृद्धीचे गणितही याच पुरुषाने मांडून ठेविले होते. त्यांचा हेतू चोरास मदत करण्याचा नव्हता, हे निराळे सांगावयास नको.

नॉयमन यांचा जन्म २८ डिसेंबर १९०३ रोजी हंगेरी देशाच्या बुडापेस्ट या राजधानीत एका सुखवस्तू यहुदी कुटुंबात झाला. मातृभाषेत त्यांचे नाव यानोश. वडील मिक्शा हे कायद्याचे पदवीधर असून पेढीच्या कारभारात नावाजलेले होते. १९१३ साली त्यांस सरदारकीचा किताब मिळाला, व पुढे मुलाच्या नावात फॉन हा शब्द आला तो त्यामुळेच. तीन भावांत यानोश थोरला. सहाव्या वर्षी तो आठ आकडी संख्यांचा भागाकार तोंडी करी, आणि एकदा वाचलेले पान वर्षानुवर्षांनी जसेच्या तसे म्हणून दाखवी, असे त्याच्याविषयी सांगतात. थोरांच्या चरित्रांत असल्या कथा नेहमीच आढळतात, व त्या थोड्या हातचे राखून वाचाव्या हे बरे. तथापि नॉयमन यांच्या बुद्धीची साक्ष देणाऱ्यांत खुद्द नोबेल पारितोषिक मिळविलेली माणसे आहेत, आणि तशा माणसांस दुसऱ्याच्या बुद्धीचे अवाजवी कौतुक करण्याची सवय सहसा नसते.

१९१४ साली यानोश बुडापेस्टच्या लुथरन मंडळीने चालविलेल्या हायस्कुलात दाखल झाला. शाळा ख्रिस्ती मंडळीची खरी, परंतु तिची दारे सर्व धर्मांच्या मुलांस उघडी होती, व तिच्या वर्गांतून यहुदी मुले पुष्कळ होती. या शाळेत लास्लो रात्स या नावाचे गणिताचे शिक्षक होते. त्यांच्याविषयी चार शब्द अधिक लिहिणे आम्हांस अवश्य वाटते. कारण शाळेच्या वार्षिकात शिक्षकाविषयी लिहावयाचे नाही तर मग कोठे?

रात्स गुरुजी केवळ वर्गात फळ्यावर गणित सोडवून थांबणारे नव्हते. हंगेरीतील हायस्कुलांच्या विद्यार्थ्यांसाठी गणिताचे एक मासिक निघत असे, त्याचे संपादन त्यांनी १८९६ पासून १९१४ पर्यंत केले. दर महिन्यास त्यात नवी उदाहरणे येत, आणि गावोगावची मुले उत्तरे लिहून टपालाने धाडीत. असा हा मनुष्य आपल्या वर्गातील दहा-अकरा वर्षांच्या यानोशचे उत्तर ऐकतो, आणि त्यास कळून चुकते की या मुलास शिकविण्यापुरती विद्या आपल्यापाशी नाही. दुसरा कोणी असता तर हे त्याने मनातच ठेविले असते. रात्स गुरुजी सरळ मुलाच्या वडिलांकडे गेले, व विश्वविद्यालयातील अध्यापकांकडून मुलास घरी गणित शिकविण्याची व्यवस्था त्यांनी करून दिली. बाकीचे विषय मुलाने शाळेतच, बरोबरीच्या मुलांसह शिकावे, हेही ठरले. त्याच शाळेत एक वर्ग पुढे यूजीन विग्नर नावाचा मुलगा होता. त्यास १९६३ साली पदार्थविज्ञानाचे नोबेल पारितोषिक मिळाले, आणि तोही म्हातारपणापर्यंत रात्स गुरुजींचे नाव आदराने घेत असे.

शाळेचे शिक्षण १९२१ साली संपले, तेव्हा घरात एक तंटा उभा राहिला. तो आमच्याकडील पालकांच्या चांगला ओळखीचा आहे. मुलास गणित हवे होते. गणिताने पोट भरत नाही, असे वडिलांचे मत होते. शेवटी तोड निघाली ती अशी की, मुलाने रसायनाचा अभ्यास करावा, आणि गणितही सोडू नये. त्याप्रमाणे तो बर्लिनमध्ये व मागून झुरिक येथे रसायनाचे धडे घेई, आणि बुडापेस्टच्या विश्वविद्यालयात गणितासाठी नाव घालून तेथे बहुधा परीक्षेपुरताच उगवे. १९२६ साली झुरिकची रसायन-अभियंत्याची पदविका व बुडापेस्टची गणितातील डॉक्टरेट या दोन्ही त्याने मिळविल्या. रसायनाच्या पदविकेचा त्यास पुढे कितपत उपयोग झाला ते सांगवत नाही; पण वडिलांचा शब्द राहिला.

यानंतरची काही वर्षे आम्ही भराभर ओलांडतो. गॉटिंगेन येथे हिल्बर्ट यांच्या सान्निध्यात त्यांनी गणिताच्या पायाविषयी काम केले, व १९३२ साली क्वांटम यामिकीवर ग्रंथ लिहिला. १९३० साली ते अमेरिकेत प्रिन्स्टन येथे शिकवावयास गेले, आणि १९३३ साली तेथील नव्या उच्च अध्ययन संस्थेत आइन्स्टाइन यांच्याबरोबर अगदी प्रथम नेमलेल्या प्राध्यापकांत त्यांची गणना झाली. त्याच वर्षी जर्मनीत हिटलरची सत्ता आली व यहुदी विद्वानांस विद्यापीठांतून हाकलण्यास प्रारंभ झाला. नॉयमन १९३७ साली अमेरिकेचे नागरिक झाले.

स्वभावाने ते गंभीर साधूंपैकी नव्हते. मेजवान्या, चांगला पोशाख, विनोद यांची त्यांस हौस होती. गडबड-गोंगाटात त्यांचे डोके अधिक चाले, असे म्हणतात, आणि मोटार हाकण्यात ते इतके बेफिकीर होते की त्यांच्या अपघातांच्या कथा प्रिन्स्टनमध्ये पुष्कळ दिवस चालत.

महायुद्धात त्यांनी जे केले तेही विद्यार्थ्यांपासून लपवून ठेवणे आम्हांस प्रशस्त वाटत नाही. १९४३ पासून अणुबाँबच्या कामात त्यांचा हात होता. ९ ऑगस्ट १९४५ रोजी नागासाकीवर जो बाँब पडला, त्यातील स्फोट आत वळविण्याच्या युक्तीचे गणित बऱ्याच अंशी त्यांचे होते. बाँबसाठी शहरे निवडणाऱ्या समितीतही ते बसले होते. युद्धानंतरही ते मोठ्या अस्त्रांचे कट्टर पुरस्कर्ते राहिले. त्यांच्या विद्वत्तेस प्रणाम करिताना हा भाग गिळता येत नाही, व आम्ही तो गिळावयास सांगतही नाही.

तथापि या युद्धकार्यातूनच त्यांस यंत्राने गणित करण्याची निकड भासली. १९४४ च्या उन्हाळ्यात ॲबर्डीन या लहानशा रेल्वे स्टेशनच्या फलाटावर हर्मन गोल्डस्टाइन नावाच्या लष्करी अधिकाऱ्याशी त्यांची गाठ पडली. फिलाडेल्फिया येथे एनिॲक नावाचे एक विजेचे गणितयंत्र बांधले जात आहे, असे बोलता बोलता त्या अधिकाऱ्याने सांगितले. गाडीची वाट पाहणाऱ्या दोघांचे ते बोलणे जगास महाग पडले की स्वस्त, हे ज्याचे त्याने ठरवावे. एनिॲकमध्ये सुमारे १८,००० निर्वात नळ्या होत्या, आणि हिशेब करण्याचा त्याचा वेग त्या काळी अचाट होता. पण त्यात एक मोठी अडचण असे. एक गणित संपवून दुसऱ्या जातीचे गणित घालावयाचे म्हणजे शेकडो तारा उपसून दुसरीकडे खोचाव्या लागत, खुंट्या फिरवाव्या लागत, व त्यात दिवसचे दिवस जात. यंत्र क्षणात उत्तर देई, आणि माणसे आठवडाभर तारा जुळवीत.

यावर जो उपाय निघाला तोच आजच्या प्रत्येक संगणकाचा पाया आहे. यंत्रापुढे ठेवावयाचे आकडे जसे यंत्राच्या स्मृतीत साठवितात, तसेच त्या आकड्यांचे काय करावे याचे हुकूमही आकड्यांच्याच रूपाने त्याच स्मृतीत साठवावे. मग तारा उपसण्याचे कारण नाही; नवे हुकूम भरले की झाले. ३० जून १९४५ या तारखेने या कल्पनेचा जो मसुदा फिरविण्यात आला, त्यावर एकट्या नॉयमन यांचे नाव होते. यंत्र प्रत्यक्ष बांधणारे एकर्ट व मॉक्ली हे दोघे त्यामुळे फार दुखावले, आणि आमच्या मते त्यांचे दुःख रास्त होते. कल्पना अनेकांच्या बोलण्यातून निघालेली होती. ती स्वच्छ भाषेत मांडण्याचे श्रेय मात्र नॉयमन यांचेच. मागून त्यांनी प्रिन्स्टनला स्वतःच्या देखरेखीखाली असे यंत्र बांधविले, व त्याचे आराखडे पेटंटाच्या कुलपात न ठेविता जगास खुले केले. त्यांवरून देशोदेशी यंत्रे झाली. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत १९५५ पासून जे यंत्र बांधण्यात आले व १९६० साली चालू होऊन टिफ्रॅक या नावाने ओळखले गेले, तेही याच घराण्यातले. त्यात सुमारे २,७०० निर्वात नळ्या होत्या, आणि १९६५ पर्यंत त्याने काम दिले. आपल्या देशात बांधलेल्या अंकीय संगणकांत ते पहिले होय.

आता वाचकांनी किंचित थांबून या कल्पनेकडे पाहावे, कारण लाभ व भय ही दोन्ही येथेच एका देठाशी आहेत. कागदाचे पत्र कितीही दुष्ट मनुष्याने लिहिलेले असो, ते टेबलावर पडले की पडले. वाचणाराने काही केल्याखेरीज पत्र उठून कपाट उघडत नाही. नॉयमन यांच्या रचनेत मात्र मजकूर आणि हुकूम एकाच जातीचे आकडे असून एकाच खोलीत राहतात. कोणता आकडा नुसता पाहावयाचा व कोणता पाळावयाचा, हे त्याच्या तोंडावर लिहिलेले नसते. म्हणून संगणकास आलेले पत्र, यंत्राची गफलत झाली तर, किंवा अधिक वेळा मनुष्याची गफलत झाली तर, पत्र न राहता चाकर होऊन बसते. आणि त्या चाकराचा धनी परगावी असतो.

नॉयमन यांनी यापुढचेही पाऊल टाकिले. सप्टेंबर १९४८ मध्ये पॅसाडिना येथील एका परिषदेत, व पुढे १९४९ च्या अखेरीस इलिनॉय विद्यापीठात, यंत्र स्वतःसारखे दुसरे यंत्र निर्माण करू शकेल काय, हा प्रश्न त्यांनी हाती घेतला. प्रश्न विक्षिप्त वाटतो. सामान्य समजूत अशी की यंत्र आपल्याहून कमी प्रतीची वस्तूच घडविते. त्यांनी गणिताने दाखविले की तसे नाही. यंत्रास स्वतःचे संपूर्ण वर्णन एका पट्टीवर लिहून द्यावे. त्या पट्टीचा उपयोग यंत्राने दोनदा करावा: एकदा तिच्यातील हुकूम पाळून नवे यंत्र रचावे, आणि दुसऱ्यांदा ती पट्टी न वाचता केवळ नकलून नव्या यंत्रास द्यावी. नव्याने तेच करावे, त्याच्या पुढच्यानेही तेच. १९५३ साली सजीवांच्या पेशींतील डीएनएची रचना उलगडली, तेव्हा निसर्गही वंशवृद्धीचे काम याच दुहेरी रीतीने करितो हे हळूहळू स्पष्ट झाले. नॉयमन यांनी ते आधीच कागदावर काढिले होते.

आमच्या नीरा-कालव्याच्या बागायतदारांस हे समजावयास अवघड नाही. ते उसाचे बेणे लावितात. एका कांडीत पुढच्या उसाची सारी घडण साठविलेली असते, आणि त्या उसाची पुन्हा बेणी होतात. पण कांडीबरोबर काणी येते, गवताळ वाढ येते. बेणे वरून हिरवेगार दिसते, आणि फड उगवल्यावर रोग कळतो. एका शेजाऱ्याने दुसऱ्यास प्रेमाने दिलेल्या बेण्यातून रोग शिवार ओलांडतो. देणाऱ्याच्या मनात कपट मुळीच नसते. म्हणून कोणी ऊस लावणे सोडिले आहे काय? नाही. शहाणा शेतकरी बेणे कोणत्या मळ्यातले आहे ते विचारतो, त्यावर उष्णतेची प्रक्रिया करवून घेतो, आणि संशयित कांडी बांधावरच टाकितो. विजेच्या पत्रांचा व्यवहार याहून निराळा नाही.

नॉयमन यांच्या त्या व्याख्यानांचे पुस्तक त्यांच्या मृत्यूनंतर, १९६६ साली, आर्थर बर्क्स यांनी पुरे करून प्रसिद्ध केले. पाचच वर्षांनी, १९७१ मध्ये, अमेरिकेतील संगणकांच्या जाळ्यावर क्रीपर नावाचा एक कार्यक्रम एका यंत्रातून दुसऱ्यात सरकू लागला. त्याने नुकसान केले नाही. तो एक प्रयोग होता. १९८३ साली फ्रेड कोहेन या विद्यार्थ्याने असा कार्यक्रम वर्गात करून दाखविला, व त्यास व्हायरस हे नाव मिळाले. १९८६ मध्ये लाहोरच्या दोघा भावांनी लिहिलेला ब्रेन नावाचा व्हायरस तबकड्यांतून जगभर गेला. तोवर रोगास पसरावयास तबकडी हातोहात जावी लागे. १९९२ साली ई-मेलबरोबर फाइली जोडण्याची सर्वमान्य पद्धत ठरली, आणि रोगास टपालाची गाडी मिळाली. आपल्या देशात १५ ऑगस्ट १९९५ पासून इंटरनेट सामान्य जनतेस मिळू लागले. मार्च १९९९ मध्ये मेलिसा नावाचा व्हायरस वर्डच्या कागदातून पसरला. ४ मे २००० रोजी मनिला शहरातून निघालेले एक प्रेमपत्र एका दिवसात पृथ्वीप्रदक्षिणा करून आले. त्यास जोडलेल्या फाइलीच्या नावात शेवटून दुसरी अक्षरे साध्या मजकुराची होती, आणि अगदी शेवटची व्हीबीएस ही अक्षरे हुकूमनाम्याची. पुष्कळांच्या पडद्यावर ती शेवटची अक्षरे दिसतच नसत. शिवाय पत्र परक्याचे नव्हते. ते ओळखीच्या माणसाच्या नावाने येई, कारण व्हायरस उघडणाऱ्याच्या पत्त्यांच्या वहीतून पुढच्यांस आपणच पत्रे धाडीत असे. नॉयमन यांची पट्टी, दोनदा वापरलेली, ती हीच.

यानंतर टपाल वाहणाऱ्या कंपन्यांनी नाक्यावर पहारा बसविला. जून २००० मध्ये मायक्रोसॉफ्टने आउटलुकमध्ये धोक्याच्या जातीच्या फाइली अडविण्याची सोय आणिली. जीमेल ईएक्सई, व्हीबीएस, जेएस, बॅट, एपीके अशा शेपटाच्या फाइली स्वीकारीत नाही. त्या झिपच्या गठडीत बांधून दिल्या तरीही नाही. गठडीस पासवर्डाचे कुलूप असेल, तर पहारेकऱ्यास आत डोकावता येत नाही. म्हणून तशी गठडी संशयाने पाहिली जाते, व पुष्कळदा परतही येते. आमच्याच पुण्यात काटकर बंधूंनी संगणक-दुरुस्तीच्या दुकानातून आरंभ करून १९९५ च्या सुमारास व्हायरस शोधणारा कार्यक्रम तयार केला, आणि क्विक हील या नावाने तो देशभर गेला. दुरुस्तीस येणाऱ्या यंत्रांत तोच तो रोग पाहून औषध करावेसे वाटणे हे आमच्या मते फार शहाणपणाचे लक्षण आहे.

या पहाऱ्याचा त्रास सज्जनांसही होतो, हे आम्ही जाणून आहो. इंदापूरकडील एखादा मुलगा अर्जाबरोबर दाखले जोडितो, आणि पत्र अडते. अर्जाची मुदत त्याच रात्री संपावयाची असते. अशा वेळी प्रथम पत्र अडले कशासाठी हे पाहावे. अडविण्याची कारणे बहुधा दोन-तीनच असतात. फाइल फार जड असेल तर ती जात नाही. जीमेलची मर्यादा २५ एमबी आहे. मोबाइलने काढलेली दाखल्यांची छायाचित्रे उगाच मोठी असतात. ती लहान करून एकाच पीडीएफमध्ये घातली की बहुतेक वेळा काम भागते. न भागल्यास फाइल ड्राइव्हवर ठेवून तिचा दुवा धाडावा, व ज्यास ती पाहावयाची आहे त्याच पत्त्यास परवानगी द्यावी. साऱ्या जगास देऊ नये, कारण दाखल्यांवर जन्मतारीख व आधारचा क्रमांक असतो. कागद झिपमध्ये बांधून कुलूप लावलेले असतील तर ते सोडवून साधे पाठवावे. आणि फाइल जर मुळात कार्यक्रमच असेल, तर ती पत्रातून पाठविण्याचा हट्ट सोडावा. शेपूट बदलून, ईएक्सईचे टीएक्सटी करून, पहारेकऱ्यास चकविण्याची युक्ती मुले एकमेकांस शिकवितात. ती युक्ती चोरांची आहे, आणि ज्याने एकदा ती उपयोगात आणिली त्याचा मित्र पुढे चोराने धाडलेली तसली फाइलही भाबडेपणाने उघडतो.

पत्र आपणांस आले असून त्यातील जोड अडविली गेली असेल, तर अधिक सावध राहावे. पहारा शिथिल करण्याची, किंवा व्हायरस शोधणारा कार्यक्रम तात्पुरता बंद करण्याची सूचना ज्या पत्रात असेल, ते पत्र तेथेच संपले असे समजावे. पाठविणारा ओळखीचा असेल तर त्याच पत्रास उत्तर देऊन विचारण्यात अर्थ नाही, कारण उत्तर देणारा कदाचित चोरच असेल. आपल्यापाशी पूर्वीपासून असलेल्या क्रमांकावर फोन करावा, आणि हे तूच पाठविले काय, असे विचारावे. बारामतीहून इंदापुरास एस.टी.तून पार्सल धाडताना वाहक आत काय आहे ते विचारतो, त्याचा कोणास राग येत नाही. मित्रास विचारल्याने मैत्री तुटेल अशी भीती मुलांनी बाळगू नये. फाइलीचे नाव शेवटच्या अक्षरापर्यंत वाचावे. वर्ड किंवा एक्सेलचा कागद उघडताच मजकूर दिसण्यासाठी अमुक बटण दाबा अशी विनवणी करू लागला, तर बटण दाबू नये. त्यात दडलेल्या हुकमांस मॅक्रो म्हणतात, व इंटरनेटवरून आलेल्या कागदांतील मॅक्रो २०२२ पासून मायक्रोसॉफ्टने आपण होऊनच अडविले आहेत. ते बटण म्हणजे तो आडणा काढण्याची किल्ली होय.

पालकांस एक गोष्ट मुद्दाम सांगावयाची आहे. ई-मेलच्या नाक्यावर एपीके अडतो, पण व्हॉट्सॲपवरून तो पोहोचतो. लग्नसराईत पत्रिकेच्या नावाने, किंवा वाहनाच्या दंडाच्या पावतीच्या नावाने असे एपीके फिरविले जातात, आणि २०२४ साली निरनिराळ्या राज्यांच्या पोलिसांनी लग्नपत्रिकांविषयी इशारे दिले. पत्रिका हे चित्र असते किंवा पीडीएफ असते. एपीके हा कार्यक्रम असतो, आणि पत्रिका वाचण्यास कार्यक्रम बसवावा लागत नाही. तो बसविला म्हणजे बँकेकडून येणारे गुप्त आकडे चोराच्या हाती जातात. उसाचे बिल खात्यात जमा झालेल्या आठवड्यात हे घडले, तर घराचे वर्ष बुडते. घडलेच तर लाजेने गप्प बसू नये. मोबाइलचे इंटरनेट तत्काळ बंद करावे, दुसऱ्या फोनवरून बँकेस कळवावे, व १९३० या क्रमांकावर तक्रार नोंदवावी. पहिल्या काही तासांत कळविले तर पैसे वाटेत थोपविता येण्याचा संभव असतो. मुलाच्या हातून चूक झाली असेल तर त्यास मारण्याची घाई करू नये. मार चुकविण्यासाठी मुलगा दोन दिवस बोलत नाही, आणि ते दोन दिवस चोरास पुरतात.

नॉयमन यांच्याकडे परत वळू. १९५५ साली ते अमेरिकेच्या अणुशक्ती आयोगाचे सभासद झाले, आणि त्याच वर्षी त्यांस कर्करोग असल्याचे निष्पन्न झाले. पुढच्या वर्षाच्या आरंभी राष्ट्राध्यक्षांच्या हस्ते स्वातंत्र्यपदक घेण्यास ते चाकांच्या खुर्चीवरून गेले. ज्या माणसाचे सारे सुख विचार करण्यात साठविलेले होते, त्याचा विचारच एके दिवशी थांबणार, ही गोष्ट त्यांच्या मनास कशीच सोसेना. त्यांच्या मित्रांनी व कन्येने लिहून ठेविले आहे की मृत्यूस ते फार भ्याले. १९३० मध्ये विवाहाच्या वेळी त्यांचा कॅथलिक पंथात नावापुरता बाप्तिस्मा झाला होता. धर्माचरण त्यांनी पुढे कधी केले नाही. शेवटच्या दिवसांत मात्र त्यांनी एका धर्मगुरूस बोलावून घेतले, व त्यांच्याशी पुष्कळ बोलणे केले. काही मित्रांस याचे नवल वाटले, काहींस रागही आला. त्यांस शांती लाभली की नाही याविषयी त्या मित्रांत एकमत नाही, आणि मिशनच्या शाळेचे वार्षिक म्हणून ती लाभलीच असे ठासून लिहिणे आम्हांस शोभणार नाही. परमेश्वर आणि एक मरणोन्मुख मनुष्य यांच्यामधील ती गोष्ट आहे.

यंत्र आणि मेंदू यांची तुलना करणारी व्याख्याने ते बिछान्यावर लिहीत होते. ती अपुरी राहिली व १९५८ साली तशीच छापण्यात आली. ८ फेब्रुवारी १९५७ रोजी वॉशिंग्टन येथील लष्करी इस्पितळात, वयाच्या त्रेपन्नाव्या वर्षी त्यांचा अंत झाला. प्रिन्स्टनच्या दफनभूमीत त्यांस पुरले आहे. त्यांच्या देखरेखीखाली बांधलेले यंत्र वॉशिंग्टनच्या पदार्थसंग्रहालयात आहे.

बुडापेस्टची ती लुथरन शाळा सरकारने १९५२ साली बंद केली, आणि सदतीस वर्षांनी, १९८९ साली, ती पुन्हा उघडली. रात्स गुरुजी १९३० सालीच निवर्तले होते. त्यांच्या नावाने हंगेरीत आता दरसाल शिक्षकांस पारितोषिके देतात, आणि त्यांनी अठरा वर्षे चालविलेले ते गणिताचे मासिक अद्याप निघते. त्यात अजूनही मुलांसाठी दर महिन्यास उदाहरणे येतात, आणि मुले ती सोडवून धाडतात.